रोबोटनं ऑपरेशन झालं म्हणून क्लेम कापला, आता कागदावर सही करू का?

परभणीच्या एका ताईंनी लिहिलंय. वय ५३, पाळी बंद झाल्यावर परत रक्त जायला लागलं, तपासणीत गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. हैदराबादला रोबोटिक ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी घरी आल्या. पॉलिसी ५ लाखाची, बिल ४,१०,०००, कंपनीनं मंजूर केले फक्त १,८५,०००. १,४०,००० 'रोबोटिक चार्जेस देय नाहीत' म्हणून कापले आणि ८५,००० 'नेहमीच्या दरापेक्षा जास्त' म्हणून. एजंट म्हणतोय फुल अँड फायनलवर, म्हणजे 'सगळा क्लेम मिटला, आता काही मागणं नाही' अशा कागदावर, सही करा नाहीतर हेही अडकतील.

ताई, आधी तब्येतीची काळजी घ्या, आणि त्या कागदावर सही करू नका. पैसे घ्यायला हरकत नाही, पण कंपनीला मेल टाका की 'ही रक्कम हरकत कायम ठेवून घेत आहे, कापलेल्या २,२५,००० वरचा हक्क मी सोडलेला नाही', एवढ्या दोन ओळी पुरतात. सही झाली म्हणजे सगळं संपलं असं नसतं, दबाव टाकून किंवा फसवून घेतलेल्या सहीनं हक्क जात नाही असं सुप्रीम कोर्टानं १९९९ लाच सांगितलंय, पण दबाव होता हे सिद्ध करायचं काम तुमच्याच गळ्यात पडतं, मग ती कटकट मुळातच कशाला.

आता मेन मुद्दा. विमा नियामकानं २०१९ ला आधुनिक उपचारांची एक यादी काढली, तिच्यात रोबोटिक सर्जरी आहे, इम्युनोथेरपी आणि गोळ्यांची केमोथेरपी पण आहे, आणि यातला उपचार पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाही. रोबोटिक आहे म्हणून मिळणार नाही एवढंच कारण टिकत नाही. पण खरं सांगतो, कंपनीला त्यावर लिमिट मात्र घालता येते. तुम्ही मला पॉलिसीच्या पहिल्या दोन पानांचे फोटो पाठवलेत, हा टेबल मागच्या पानांत असतो, 'मॉडर्न ट्रीटमेंट' नावाखाली. तिथं समजा विमा रकमेच्या निम्मे लिहिलं असेल तर तुमचे अडीच लाख होतात, मग भांडण १,८५,००० ते अडीच लाख एवढ्यापुरतंच उरतं, आणि काहीच लिमिट नसेल तर पूर्ण रकमेसाठी भांडायचं. म्हणून सगळी पानं काढा, नसतील तर कंपनीकडून मागवा.

दुसरी कपात मला जास्त खटकली. आपल्याकडं पिशवी काढणं इतकं सर्रास झालंय की कंपनीच्या माणसालाही ते किरकोळ वाटतं, आणि साध्या पिशवीच्या ऑपरेशनचा रेट धरून त्यानं तुमचे ८५,००० उडवले असं कागद बघून वाटतंय. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट आहे की पिशवीसोबत नळ्या, दोन्ही अंडाशयं आणि लिम्फ नोड्स (कॅन्सर ज्यांतून पसरू शकतो त्या छोट्या गाठी) काढलेत. हे कॅन्सरचं ऑपरेशन आहे, तुलना करायची तर त्याच ऑपरेशनच्या हैदराबादच्या रेटशी करा म्हणावं. सर्जनकडून लेटरहेडवर सर्टिफिकेट घ्या, त्यात काय काय काढलं आणि रोबोटच का वापरला ते लिहून घ्या. तुमचं वजन ८८ किलो, वर शुगर, अशा पेशंटला पोटावर मोठा काप दिला तर जखम चिघळायची भीती जास्त, हे डॉक्टरनंच लिहिलेलं बरं. ऑपरेशन सर्जनच करतो, कन्सोलवर बसून मशीनचे हात चालवतो, हे पण एका ओळीत येऊ द्या.

आणि कॅन्सर अस्तराचा आहे हे ठळक लिहून घ्या. २०१८ ला एक मोठा अभ्यास आला, त्यात गर्भपिशवीच्या मुखाच्या कॅन्सरला दुर्बिणीनं किंवा रोबोटनं केलेल्या ऑपरेशनचे निकाल पोट उघडून केलेल्या ऑपरेशनपेक्षा वाईट दिसले. तो तुमचा आजार नाही, पण कंपनीचा डॉक्टर दोन्हीची मिसळ करून 'गरज नव्हती' म्हणू शकतो, म्हणून बायोप्सी रिपोर्टची कॉपी सोबत जोडाच.

मग कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी तक्रार करा, विमा नियामकाच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवर पण टाका. विचारा की पॉलिसीच्या नेमक्या कोणत्या कलमानं कापलं, नियामकाच्या २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे (एकत्रित नियमपत्रकाप्रमाणे) ते सांगणं कंपनीला बंधनकारक आहे. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडं जा, फी नाही, वकील तिथं चालतच नाही त्यामुळं माझ्यासारख्या वकिलाच्या फीचा खर्चही वाचला तुमचा, ५० लाखापर्यंतचे दावे घेतात, मुदत एक वर्ष. तिथला निकाल कंपनीला पाळावा लागतो, तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता उघडा राहतो, फक्त दोन्हीकडं एकाच वेळी जाऊ नका. आयोगाला दोन वर्षांची मुदत आहे. ऑपरेशन हैदराबादला झालं म्हणून तिकडं खेटे घालायची गरज नाही, तुम्ही राहता त्या परभणीच्या जिल्हा आयोगातच केस टाकता येते.

सोनं गहाण ठेवून बाकीचं बिल भरलं असं लिहिलंय, त्या गहाणाची पावती आणि व्याज भरल्याच्या पावत्या जपून ठेवा, आयोगात नुकसानभरपाई मागताना लागतील. पॉलिसीची उरलेली पानं मिळाली की मला पाठवा, तक्रारीचा मसुदा त्यावरून करून देतो.