सैनिकमित्र : त्याचं नाव कुठं लिवलंय का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ फौजेत कॅप्टन होता. 1988 साली श्रीलंकेत शांतिसेनेत असताना गेला. पंचविशीसुद्धा ओलांडली नव्हती. आई आता नव्वदीला आली. परवा तिनं विचारलं, "त्याचं नाव कुठं लिवलंय का गं?" आमच्या पेठेतल्या पोरांना ती लढाईच माहीत नाही. आईला काय सांगू?
– एक बहीण, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, आईंना सांगा, लिवलंय. दिल्लीत इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, 2019 साली उभं राहिलं. तिथल्या त्यागचक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांची नावं कोरली आहेत, त्यात श्रीलंकेतलेही आहेत. कुठलं नाव कुठल्या भिंतीवर, ते शोधून द्यायची सोय तिथंच आहे. दुसरं स्मारक कोलंबोजवळ, श्रीलंकेच्या संसदेपासून जवळच आहे. शांतिसेनेतले आपले जवळपास बाराशे लोक गेले, त्यांची नावं तिथं काळ्या दगडावर आहेत.

मी तेव्हा श्रीलंकेच्या उत्तरेला जाफन्यात, एलटीटीईच्या तमिळ बंडखोरांशी लढणाऱ्या मराठा पलटणीत रेडिओवाला होतो. दोन्ही बाजूंना ताडाच्या झावळ्यांची कुंपणं, मधे अरुंद बोळ, रस्त्यात पुरलेले सुरुंग. माझ्या पाठीवरची अँटिना दिसली की शेजारी साहेब असणार, हे समोरच्या नेमबाजाला कळायचं. म्हणून साहेबांनी खांद्यावरचे स्टार काढून ठेवले, पण पुढं चालायचं सोडलं नाही. महार रेजिमेंटचे मेजर परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987 ला तसेच पुढं होऊन लढताना गेले, त्यांना परमवीर चक्र मिळालं. तुमच्या भावाच्या वयाचे कॅप्टन, लेफ्टनंट तर किती गेले! आमच्यासारख्या जवानांच्या घरी चूल पेटती राहिली ती त्यांच्यामुळं. हे मी कुठंही छाती ठोकून सांगेन.

आता एक काम लगेच करा. भावाच्या पलटणीच्या अ‍ॅडज्युटंटला, म्हणजे पलटणीचं दफ्तर बघणाऱ्या अधिकाऱ्याला, पत्र लिहा. त्याचा आयसी नंबर (अधिकाऱ्याचा फौजेतला क्रमांक), कंपनी आणि गेल्याची तारीख घाला. त्याच्या कंपनीतले जवान, त्याचा रेडिओवाला, त्याचा सहायक आता कुठं असतात ते विचारा. ती माणसं आज साठी ओलांडलेली आहेत, उशीर करू नका. तो जेवताना काय मागायचा, रात्री पहाऱ्यावर कुणाशी बोलायचा, घरची पत्रं कुणाला वाचून दाखवायचा, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार? आईंना तेच ऐकायचं असेल. जमलं तर फोनवर थेट बोलणं करून द्या.

आणि पेठेतल्या पोरांचं म्हणाल, तर शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत घरोघरी फौजी आहेत, तिथं आजोबा कुठल्या पलटणीत होते हे नातवंडांना शिकवावं लागत नाही. आपल्या शहरात सांगावं लागतं. तुमच्या तालमीत त्याचा फोटो लावा. खाली नाव, हुद्दा, पलटण, तारीख आणि 'श्रीलंका' एवढंच. त्या तारखेला पोरांना बोलवा, मी येऊन बोलेन. पलटणीचं नाव कळवा, पत्राचा मजकूरही लिहून देतो.