पुरणपोळीचा हात

आमवात असलेल्यांच्या घरून मला सगळ्यांत जास्त वेळा जो प्रश्न येतो तो औषधांचा नसतो. "मॅडम, हिचे पाय चेपून दिले तर चालेल का? तेल लावावं का? त्यानं दुखणं वाढणार तर नाही ना?" विचारणारा नवरा असतो, सासू असते, कधी कॉलेजात जाणारी मुलगी. आपल्या माणसासाठी काहीतरी करावं म्हणून त्यांचे हात शिवशिवत असतात, आणि हात लावायची धास्तीही असते. जिच्याविषयी हे सगळं चाललेलं असतं ती शेजारच्या खुर्चीत गप्प असते. तिला कुणी विचारलेलं नसतं.

या प्रश्नाचं उत्तर मला एका शिक्षिकेनं आणि तिच्या सासूबाईंनी शिकवलं. दोघींना विचारून आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून ते इथे लिहिते आहे.

ताई कोकणातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवायच्या. वय 43. पाच वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो. उतारवयात गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा. यात शरीराची संरक्षण यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. हातापायांचे बारके सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात आणि सकाळी उठल्यावर तासभर, कधी त्याहून जास्त, धरलेले राहतात. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो. ताईंची औषधं वेळेवर चालू होती, रिपोर्टही बरे येत होते. तरी त्या खचत चालल्या होत्या, म्हणून त्यांच्या संधिवाततज्ज्ञांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं.

पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "घरात कुणी हात लावला की अंगावर काटा येतो. आणि कुणी लावत नाही म्हणून रडू येतं. मला वेड लागतंय का?"

वेड लागत नव्हतं. आधी काय घडलं होतं ते हळूहळू बाहेर आलं. ऑगस्टमध्ये आजारानं उचल खाल्ली होती. उजवा घोटा लालबुंद, फुगलेला. सासूबाईंनी सुनेची तळमळ बघितली, तिळाचं तेल कोमट केलं आणि जीव लावून पाय रगडला. पाऊण तास. वर गरम पाण्याची पिशवी. सकाळी ताईंना पाऊल टेकवेना. आठवडाभर शाळा बुडाली. सासूबाईंनी तेव्हापासून तेलाची बाटलीच माळ्यावर टाकली आणि सुनेच्या खोलीत येणं कमी केलं. मिस्टर पलंगाच्या कडेला, झोपेत चुकून धक्का लागू नये म्हणून भिंतीला चिकटून झोपू लागले. घरात कुणाचंच वाईट मन नव्हतं. तरी सहा महिने त्या बाईला कुणाचा हात लागला नव्हता.

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की ताई पाय खुर्चीखाली ओढून घेऊन बसतात. पायमोजे घातलेले, तेही फेब्रुवारीच्या उकाड्यात. मी विचारलं, "डॉक्टर पाय बघतात ना?" त्या म्हणाल्या, "हातच दाखवते. पाय कसे दाखवू? ते टेबलावर ठेवायचे म्हणजे..." आणि थांबल्या.

हे मी अनेक बायकांकडून ऐकलं आहे. आपल्याकडे पाय पुढे करणं हा उद्धटपणा. पाय लागला तर आपण नमस्कार करतो. मोठ्या माणसानं धाकट्याच्या पायाला हात लावणं तर पापच. सासूनं सुनेचे पाय दाबावेत, नवऱ्यानं बायकोचे दाबावेत हे मनाला पटत नाही. अशानं आजारी बाईचे पाय कुणाच्याही नजरेआड राहतात. आमवात मात्र पायांना सोडत नाही. पुष्कळांच्या आजाराची सुरुवातच चवड्यापासून होते.

तिसऱ्या भेटीत ताईंनी मोजे काढले. बोटं वर उचलली जाऊन वाकलेली, अंगठा शेजारच्या बोटावर चढलेला. चवड्याखाली दोन जाड भोवऱ्या. त्यातली एक त्यांनी दाढीच्या ब्लेडनं स्वतःच तासली होती, तिथे जखम चिघळली होती. नखं वाढून वळली होती, कारण सुजलेल्या बोटांनी नेलकटर दाबता येत नव्हता आणि कुणाला सांगायची लाज वाटत होती. "चपलेत खडा आहे असं वाटतं, चप्पल झटकते, खडा नसतोच," त्या म्हणाल्या. हा खडा खोटा नसतो. बोटांचे सांधे सरकले की चवड्याखालची चरबीची गादी पुढे निसटते आणि हाडाची टोकं थेट जमिनीवर येतात.

आणि जोडवी. दुसऱ्या बोटांत चांदीची जोडवी इतकी रुतली होती की दोन्ही बाजूंना मांस वर आलं होतं. काढायची नव्हती. "सवाष्ण बाई आहे मी, मॅडम."

त्याच दिवशी मी त्यांना डॉक्टरांकडे परत पाठवलं. आमवाताची बरीच औषधं प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. अशा माणसाच्या पायाची लहान जखमही पसरू शकते आणि ताप, लाली ही लक्षणं उशिरा किंवा अर्धवट दिसतात. जखम बरी व्हायला तीन आठवडे लागले. त्यानंतरचं काम माझं आणि आमच्या फिजिओथेरपिस्टचं होतं.

पुढच्या भेटीला मी सासूबाईंना बोलावलं. नववारी नेसलेल्या, सत्तरीच्या, हात शेतात राबलेले. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "माझ्यामुळं हिचा पाय गेला." कितीतरी वेळ त्या एवढंच म्हणत राहिल्या. मी त्यांना सांगितलं की आजार त्यांच्यामुळे आलेला नाही, वाढलेलाही नाही. सुजलेल्या सांध्यावर जोर पडल्यानं त्या वेळचं दुखणं भडकलं, इतकंच. हे अंतर मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण स्वतःला दोष देणारं माणूस एक तर लांब पळतं, नाही तर दुप्पट जोरानं सेवा करायला जातं. त्यांनी विचारलं, "पण आयुर्वेदात तर तेल सांगितलंय." मी म्हटलं, सांगितलंय, पण आमवातात सांधा सुजलेला, जड असताना वैद्यही तेल चोळू देत नाहीत. हे ऐकून त्यांना हलकं वाटलं असावं. परंपरा त्यांच्या विरोधात उभी नव्हती.

मग फिजिओथेरपिस्टनं हात लावायच्या आधी काय बघायचं ते दाखवलं. तळहातापेक्षा हाताची मागची बाजू उष्णता चांगली ओळखते. ती सांध्यावर टेकवायची, मग दुसऱ्या पायाच्या त्याच जागी. एक गरम लागला, सुजलेला किंवा लाल दिसला, तर त्यावर मालिश नाही, शेकही नाही. सांध्याच्या वर-खाली हात नुसता फिरवायचा किंवा पाऊल उशीवर ठेवून शेजारी बसायचं. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर ती अजिबात चोळायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. आत रक्ताची गाठ असू शकते. ल्युपस या आजारातही शरीराची संरक्षण यंत्रणा अशीच उलटते, त्याच्या काही रुग्णांत हा धोका आणखी जास्त असतो.

सांधे शांत असतील त्या दिवशी किती जोर लावायचा, हे समजावताना आम्ही अडलो. "हलक्या हातानं" म्हटलं की सासूबाई मान डोलवायच्या आणि माझ्या दंडावर करून दाखवताना माझंच हाड दुखायचं. तेवढ्यात ताईच म्हणाल्या, "आई, भाकरी थापता तो हात नको. पुरणपोळी लाटता तो हात." सासूबाई थांबल्या. मग त्यांनी जो हात फिरवला तो अगदी बरोबर होता. पोळी फाटू द्यायची नसते तेव्हा हात कसा चालतो हे त्यांना पन्नास वर्षं ठाऊक होतं. पुढे मी हेच वाक्य कित्येक घरांत वापरलं आहे.

दहा मिनिटं, जास्त नाही. घोट्यापासून पोटरीकडे. ताईंनी "बास" म्हटलं की त्या क्षणी बास, का ते विचारायचं नाही. स्टेरॉइड बरीच वर्षं घेतलेल्यांची त्वचा पातळ होते, जरा जोर पडला तरी काळंनिळं होतं, म्हणून नखं कापलेली आणि बांगड्या वर सारलेल्या.

काश्याच्या वाटीचा प्रश्नही निघालाच. आमच्याकडे काश्याच्या वाटीनं तूप किंवा खोबरेल लावून तळपाय घासायची पद्धत घरोघरी आहे. घासताना तळवा काळा होतो, तेव्हा "उष्णता निघाली" म्हणतात. सासूबाईंना वाटत होतं, आजारच बाहेर येतोय. खरं तर काशातल्या धातूची आणि तुपाची घासून प्रक्रिया होते, त्याचा तो काळेपणा. धडधाकट माणसाचे पायही तसेच काळे होतात. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं, पण वाटी काढून घेतली नाही. तळव्याला जखम, भेग नसेल, पायात संवेदना नीट असतील आणि सांधे शांत असतील, तर ती वाटी झोपेआधी मनाला जे देते ते खोटं नाही. फक्त आजार उतरवण्याचं काम तिच्यावर सोपवायचं नाही. ते औषधाचं.

एक इशारा इथेच देते, कारण याबाबतीत मला काळजी वाटते. मान मोडून घेऊ नका. केशकर्तनालयात मालिशच्या शेवटी मानेला दिलेला झटका पुरुषांना फार सुखाचा वाटतो. जुन्या आमवातात मानेच्या पहिल्या दोन मणक्यांना धरून ठेवणारे बंध सैल पडू शकतात, आणि एका झटक्यानं मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांना त्यांच्या डॉक्टरांनी हे सांगितलं, तोवर ते दर महिन्याला मान मोडून घेत होते.

मिस्टरांची गोष्ट वेगळी झाली. त्यांना मी नखं कापायचं काम दिलं. आंघोळीनंतर, नखं मऊ असताना, सरळ रेषेत, कोपरे न खोदता. ते अवघडले. ताई तर म्हणाल्या, "नको, यांनी माझ्या पायाला हात लावायचा म्हणजे..." मिस्टर जरा वेळानं म्हणाले, "सप्तपदीला भटजींनी तुझ्या पायाचा अंगठा माझ्या हातात दिला होता की. तेव्हा कुठं पाप लागलं?" ताई रडल्या. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि काही बोलले नाही.

तेलासाठी वार ठरवताना कळलं की ताई मेथोट्रेक्सेट शनिवारी रात्री घेतात. आमवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर जिवावर बेततं. शनिवारी शाळा सकाळची, रविवार सुट्टी, म्हणून तो वार. पण रविवारी मळमळ व्हायची आणि तेलाच्या वासानं ती वाढायची. सासूबाई नेमक्या रविवारी निवांत म्हणून तेल घेऊन यायच्या, आणि सून तोंड फिरवते याचं त्यांना वाईट वाटायचं. दिवस बुधवारवर गेला आणि एक गैरसमज मिटला.

शाळेत वर्गाबाहेर चपला काढायची रीत. थंडगार शहाबादी फरशीवर साडेपाच तास अनवाणी उभं राहायचं. मुख्याध्यापकांशी बोलायला ताईंना दोन महिने लागले. ते लगेच हो म्हणाले. आता वर्गात ठेवायचा वेगळा जोड आहे: पुढून रुंद, मऊ एमसीआर रबराचा तळ, बकलाऐवजी चिकटपट्टी, म्हणजे वाकड्या बोटांनीही लावता येते. दुकानदार सहज म्हणाला होता, "ही कुष्ठरोग्यांना देतात तसली." ताई तो जोड न घेताच घरी आल्या होत्या. हे रबर कुष्ठरुग्णांचे पाय वाचवण्यासाठी वापरात आलं हे खरंच आहे, आणि मधुमेहाच्या रुग्णांनाही ते देतात. ज्यानं इतक्या लोकांचे तळवे वाचले त्याची लाज कशाला, असं मी विचारलं. पुढच्या वेळी जोड पायात होता.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला तशी मी चिखल्यांची आठवण केली. कोकणात चिखल्यांना कुणी आजार मानत नाही, भात लावणाऱ्या प्रत्येक बाईला होतात. पण बोटांच्या बेचक्यातली ती फाटलेली कातडी म्हणजे जंतूंना उघडं दार. घरी आलं की साध्या पाण्यानं पाय धुवायचे, प्रत्येक बेचकं सुती कपड्यानं कोरडं करायचं. तळव्याला क्रीम लावा, बेचक्यात नको. आरशात तळवा बघायचा, नाही तर घरातल्या कुणाला दाखवायचा. भोवरीला ब्लेड नाही, दुकानात मिळणारी कुरुपाची पट्टीही नाही. त्यातलं आम्ल चांगली कातडीही जाळतं.

जोडव्यांचा विषय मी काढला नाही. तो सासूबाईंनी काढला. एका बुधवारी तेल लावताना त्यांना ती रुतलेली दिसली. सोनाराकडे नेऊन त्यांनी स्वतः ती कापून घेतली आणि देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या शेजारी वाटीत ठेवली. "पाय बरे झाले की नवी करू. तोवर देवानं सांभाळावीत," असं म्हणाल्या, ताईंनी मला फोनवर सांगितलं.

गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला. डावा घोटा सुजलाय, डॉक्टरांना कळवलंय, दोन दिवस रजा टाकलीय. मी विचारलं, घरी कोण आहे? ताई म्हणाल्या, "आई आहेत. हाताची मागची बाजू लावून बघितली त्यांनी, म्हणाल्या आज तेल नाही. पायाशी बसून शेवग्याचा पाला निवडतायत."