आर्सिया मॉन्सवरचा काळा ठिपका: गुहेचं तोंड की नुसतीच सावली?

तुमचा फोटो पाहिला. मंगळाभोवती फिरणाऱ्या एमआरओ यानाच्या सीटीएक्स कॅमेऱ्याच्या फोटोतून कापलेला तुकडा (क्रॉप), मंगळावरच्या आर्सिया मॉन्स ज्वालामुखीचा उतार, मधोमध काळा गोल डाग, बारा-एक पिक्सेल रुंद. आणि तुमचा प्रश्न, मंगळावर गुहा सापडली का आणि सापडली तर कळवायचं कुणाला. जागा तर झकास निवडलीत. २००७ मध्ये कुशिंग, टायटस वगैरे शास्त्रज्ञ मंडळींनी मार्स ओडिसी यानाच्या थेमिस कॅमेऱ्यातून जी सात भोकं दाखवली ती याच डोंगरावरची, डेना, क्लोई, वेंडी, ॲनी, ॲबी, निकी, जीन, साधारण १०० ते २५० मीटर रुंद. तेव्हा तिथे आणखी एखादं निघालं तर कुणी हसणार नाही.

पण नुसत्या काळेपणावर जाऊ नका हो. नवीन माणूस आधी काळं शोधतो आणि मंगळावर काळ्याचा काही तोटा नाही. थार्सिसचा, म्हणजे आर्सिया ज्यात येतो तो ज्वालामुखींचा, हा सगळा पट्टा धुळीने माखलेला आहे, तिथे नवी उल्का आदळली की वरची धूळ उडून खालचं काळं उघडं पडतं आणि झूम न करता बघितलं तर हुबेहूब भोक वाटतं. झूम केलं की त्या डागाची कड विरत जाते, कधी बाहेर रेघा फुटलेल्या दिसतात.

म्हणून आधी कड बघायची. उल्केच्या विवराचा काठ उचललेला असतो (लोणारला गेला असाल तर आत उतरायच्या आधी आपण थोडं चढतो ते आठवा), आणि इथे आपल्याला हवंय ते छप्पर कोसळून झालेलं भोक, म्हणजे जमीन सरळ येते आणि कट्कन तुटते, काठ नाही, बाहेर फेकलेला माल नाही.

दुसरं म्हणजे ऊन. एमआरओ यान तिथल्या दुपारी तीनच्या सुमारास वरून जातं, म्हणजे ऊन पश्चिमेकडून. उत्तर वर असलेला, नकाशावर बरोबर बसवलेला (मॅप-प्रोजेक्टेड) फोटोच घ्या, कच्चा फोटो उलटासुलटा असू शकतो आणि मग सगळा हिशेबच फिरतो. उथळ विवरात डावा उतार सावलीत आणि उजवा लख्ख दिसतो. खोल उभ्या भोकात उजवीकडे फार तर एक बारीक उजळ कोर, बाकी सगळा अंधार. तुमच्या फोटोत मला ती कोर असल्यासारखी वाटतेय पण जेपीईजीमध्ये काही खरं नाही.

खोलीचा अंदाज घरबसल्या निघतो. सीटीएक्सचा पिक्सेल साधारण ६ मीटरचा, म्हणजे तुमचं भोक ७० मीटरच्या आसपास. फोटोच्या माहितीत इन्सिडन्स अँगल (सूर्य डोक्यावरून किती कललाय तो कोन) दिलेला असतो, समजा ५०° आहे, तर ७० ला त्याच्या टॅनने म्हणजे १.१९ ने भागा, ५९ मीटर. तळावर कुठेच ऊन पोचलं नसेल तर खोली निदान एवढी. "निदान" हा शब्द खाऊ नका, लोक तोच खातात.

आता गुहेबद्दल. वरच्या सात भोकांतल्या जीनचा किस्सा माहीत असू द्या. मे २००७ मध्ये एमआरओच्याच हायराइज या जास्त बारीक बघणाऱ्या कॅमेऱ्याने तिचा फोटो काढला तर आत पूर्ण काळं, कॉन्ट्रास्ट ताणूनही काही दिसेना, आणि सगळीकडे प्रचंड गुहा सापडल्याची चर्चा. ऑगस्टमध्ये यान थोडं कलवून परत फोटो घेतला तर पूर्वेची भिंत उन्हात चक्क उभी दिसली, खोली निदान १७८ मीटर, पण हा उभा खड्डा, आत आडवी वाट आहे असं काही दिसलं नाही. म्हणजे तोंड वरून दिसतं, गुहा दिसत नाही, म्हणूनच माहितगार लोक कायम "संभाव्य" लावतात आणि मलाही तेच बरोबर वाटतं.

आजूबाजूचा नकाशाही बघा. ठिपका उताराच्या दिशेने वळणं घेत जाणाऱ्या खड्ड्यांच्या माळेत किंवा कोसळलेल्या चरात बसत असेल तर लाव्हा ट्यूबचा (लाव्हा वाहून गेल्यावर उरलेल्या बोगद्याचा) संशय बळावतो. माळ उताराची पर्वा न करता सरळसोट जात असेल तर बहुधा भेगेचं काम. थेमिसचे रात्रीचे उष्णतेचे फोटो तुमच्या कामाचे नाहीत, त्यांचा पिक्सेल १०० मीटरचा, तुमचं अख्खं भोक त्यात गडप होईल.

आणि हौशी माणसाचं कोण ऐकतं म्हणाल, तर २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉटनवुडच्या सातवीच्या मुलांनी शाळेच्या प्रोजेक्टमध्ये पाव्होनिस मॉन्स या शेजारच्या ज्वालामुखीवर असंच भोक शोधलं, १९० बाय १६० मीटर, खोली निदान ११५.

कळवण्याआधी यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या) मंगळ गुहा कॅटलॉगमध्ये बघा, हजारावर संभाव्य जागा आहेत, तुमची आधीच असेल. जेमार्स हे मंगळाच्या नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात तिथे हायराइजचा फोटो झालाय का तेही कळतं. नसेल तर हायविशवर, म्हणजे हायराइजला फोटो सुचवायच्या वेबसाइटवर, कुणीही जागा सुचवू शकतो. कारण लिहिताना "गुहा सापडली" नको, काठ नसलेला खड्डा, अंदाजे रुंदी, किमान खोली, शेजारी चर आहे की नाही, एवढं पुरे.

तोवर इथे क्रॉप नको, सीटीएक्स इमेजचा पूर्ण नंबर आणि अक्षांश-रेखांश टाका, मी मूळ फाइल उघडून ती उजवीकडची कोर बघतो.