पाळकांचे प्रश्न : अर्पण, थकवा आणि विकत मिळणारी डॉक्टरेट

नगर, जालना, नाशिककडच्या पाळकांकडून, म्हणजे चर्चच्या धर्मसेवकांकडून, तेच तेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतात. त्यातल्या काहींना इथे एकत्रच उत्तरं देतो.

आमची मंडळी (चर्चची सभा) लहान आहे, उपासना घरातच होते. अर्पणासाठी माझ्या खात्याचा क्यूआर कोड भिंतीवर लावलाय. हिशेब माझ्या वहीत असतो. आता एका भावाने त्यावर आक्षेप घेतलाय. हा माझ्यावरचा अविश्वास नाही का?

नाही. त्या भावाचे आभार माना आणि कोड आजच काढा.

यावर जरा सविस्तर बोलतो, कारण चांगले चांगले पाळक इथेच अडकलेले मी पाहिले आहेत. त्यातल्या बहुतेकांनी एक रुपयाही खाल्ला नव्हता. संशय आला तेव्हा दाखवायला कागद नव्हता, एवढंच झालं आणि आयुष्यभराची सेवा पाण्यात गेली. प्रेषित पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करत होता, तेव्हा त्यानेही ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली आणि करिंथच्या मंडळीला कारणही कळवलं : प्रभूपुढे चोख असणं पुरेसं नाही, माणसांपुढेही चोख असायला हवं (बायबल, 2 करिंथ 8). प्रेषिताला साक्षीदार लागले, मग आपल्याला का नकोत?

उपासना संपली की थैली तिथेच टेबलावर, सगळ्यांसमोर उघडा. मोजायला दोघं बसवा. दोघं एका घरातले नकोत आणि त्यात पाळक किंवा त्यांची पत्नीही नको. पाचशेच्या किती, शंभराच्या किती, चिल्लर किती, सगळं कागदावर लिहायचं, खाली तारीख आणि दोघांच्या सह्या. कागदाची एक प्रत खजिनदाराकडे, एक फाईलला. सोमवारी पूर्ण रक्कम बँकेत. ‘लाइट बिलाची तारीख होती म्हणून थैलीतूनच भरलं’ हे वाक्य मी फार ऐकलंय, घोळ इथूनच सुरू होतो. खर्च खात्यातूनच करा, दोन सह्यांनी. महिन्याचा जमाखर्च भिंतीवर लावा, जिथे आज तुमचा कोड आहे तिथेच.

मंडळी वाढत असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करा, संस्थेच्या नावाने पॅन आणि खातं काढा. विश्वस्त बदलले की बदल अर्ज 90 दिवसांत जायला हवा. ‘करू पुढच्या महिन्यात’ म्हणत वर्षानुवर्षं तो अर्ज पडून राहतो आणि मग कोर्टात जुनी नावं बाहेर येतात. परदेशातल्या मित्राकडून मंडळीसाठीचे पैसे स्वतःच्या खात्यावर मुळीच घेऊ नका. त्याचा कायदा वेगळा आहे आणि कडक आहे. तुमच्या खात्यात आलेलं अर्पण आयकर खात्याला तुमचंच उत्पन्न वाटू शकतं. म्हणून याच आठवड्यात सीएकडे जा.

बायबल कॉलेजचं प्रमाणपत्र आहे. त्यावर मला लग्न लावता येईल का?

नाही. भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, 1872 प्रमाणे लग्न लावण्याचा अधिकार मिळालेला असावा लागतो. तो नसताना लग्न लावणं गुन्हा आहे आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. तुमच्या संप्रदायाच्या कार्यालयात विचारा, आणि तोवर जोडप्याला अधिकार असलेल्या पाळकांकडे पाठवा.

एका संस्थेने मला मानद डॉक्टरेट देऊ केलीय. हॉटेलात समारंभ आहे. फी भरावी लागेल.

भरू नका. भारतात पदवी द्यायला कायद्याने स्थापन झालेलं किंवा मान्यता असलेलं विद्यापीठ लागतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) संकेतस्थळावर बनावट विद्यापीठांची यादी असते, पण तीत नाव नाही म्हणून संस्था खरी ठरत नाही. गाऊन, फोटो आणि नावामागे ‘डॉ.’ एवढ्यासाठी गरीब मंडळीच्या पाळकाकडून पैसे उकळणाऱ्यांची मला चीड येते. शिकायची भूक असेल तर बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटशी संलग्न सेमिनरीत (धर्मशिक्षणाच्या कॉलेजात) चौकशी करा. 1818 साली सुरू झालेल्या त्या कॉलेजला पदवी देण्याचा अधिकार 1827 पासून आहे. अभ्यास करावा लागेल, वेळ लागेल.

बरीच वर्षं सेवा केली. आता झोप लागत नाही, प्रार्थनेत मन लागत नाही. वडीलधारे म्हणतात, प्रभूच्या सेवकाला थकवा येत नसतो.

हे कोणत्या पवित्र शास्त्रात लिहिलंय, ते त्यांना विचारा. संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं. पुढे देवाने त्याच्या हाताखाली मदतीला अलीशा दिला. बंधू, तुम्ही विश्वासात कमी पडलेला नाही, तुम्ही दमला आहात. आठवड्यात एक दिवस फोन पत्नीकडे किंवा सेक्रेटरीकडे द्या. दवाखान्याच्या भेटी, घरभेटी, अंत्यविधी हे सगळं एकट्याने करू नका, मंडळीतले पोक्त सभासद सोबत घ्या. आणि झोप दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल तर डॉक्टरांना दाखवाच. थायरॉइड, साखर, नैराश्य, काय आहे ते तपासणीतूनच कळेल. जीव नकोसा वाटू लागला तर डॉक्टरांच्या वेळेची वाट पाहू नका, 14416 वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, लगेच फोन करा.

समितीतले एक पंच प्रत्येक बैठकीत विरोध करतात. रविवारच्या संदेशातून (प्रवचनातून) उत्तर देऊ का?

देऊ नका. व्यासपीठावरून बोललात तर समोरच्याला उत्तर देता येत नाही. मत्तय 18 प्रमाणे आधी एकटे त्यांच्या घरी जा, चहा घ्या, ऐका. नाहीच जमलं तर दोन साक्षीदार, मग समिती, मग बिशपसाहेब किंवा तुमचे वरिष्ठ.

माझं वय झालंय, पण हाती द्यायला कोणी तयार नाही.

तयार करावं लागतं, बंधू. मोशेला त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, हेच सांगितलं होतं : सगळा भार एकट्याने वाहू नकोस, माणसं निवड. शब्बाथशाळा शिकवणाऱ्यांतले दोघं निवडा, येत्या रविवारी एकाला शास्त्रवाचन द्या, पुढच्या महिन्यात त्यालाच संदेश द्यायला लावा. चुकला तर त्याला नंतर, एकांतात सांगा. निवृत्तीची तारीख मात्र समितीशी बोलून आत्ताच लेखी ठरवा.