बरड जमिनीत इमारती झाडं: मिसळा, पण एकाआड एक नको

प्रश्न (साक्री तालुका): दोन एकर मुरमाड बरड आहे, नाल्याकाठी थोडी खोल माती. सगळा साग लावावा की शिवण, शिसव, अंजन, खैरही? एकाआड एक लावली तर चालेल का?

उत्तर: दादा, मिसळाच. नुसत्या सागाखाली जमीन उघडी पडते. रुंद पानांवरून टपोरे थेंब पडतात, खाली गवत नसलं की उतारावरची माती वाहून जाते. शिवाय पानांची चाळणी करणारी अळी आली की सगळा प्लॉट एकदम सापडतो.

मात्र एकाआड एक लावू नका. शिवण दोन-तीन वर्षांत डोक्यावर जाते, अंजन तोवर जेमतेम गुडघाभर. सावलीत ते दबून मरतं. म्हणून एका जातीची नऊ-बारा झाडं एकत्र, किंवा दोन-दोन ओळींचे पट्टे ठेवा.

जागेप्रमाणे जात निवडा. नाल्याकाठी, मीटरभर माती असेल तिथे साग आणि शिवण. पाणी तुंबतं तिथे साग बिलकूल नको. मध्यम जमिनीत सागाच्या पट्ट्यांमध्ये शिसव आणि बिबळा, कारण यांच्या मुळांवर हवेतला नत्र धरणाऱ्या गाठी असतात. उघड्या मुरमावर अंजन आणि खैर. यावलच्या बाजूला सातपुड्याच्या खडकाळ उतारांवर अंजन कसं उभं आहे ते एकदा पाहून या.

अंतर ३ बाय ३ मीटर, म्हणजे एकरी साधारण ४४० झाडं. खड्डे ४५ सेंमी लांब-रुंद-खोल, एप्रिल-मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या. भरताना ५ किलो कुजलेलं शेणखत आणि उधई (वाळवी) लागू नये म्हणून १०० ग्रॅम निंबोळी पेंड. दोन-तीन दमदार पाऊस झाल्यावरच लागवड.

सागाच्या जड्या, म्हणजे रोपाच्या मुळाचे छाटलेले तुकडे, घेताना साल नखाने खरवडा. आत ओलसर, पांढरट दिसली तर जिवंत. तपकिरी, कोरडी असेल तर परत करा. पहारीने भोक पाडून जडी मातीच्या पातळीपर्यंत बसवा आणि बाजूची माती घट्ट दाबा. पोकळी राहिली की पाणी साचून जडी कुजते.

अंजनाचं रोप शक्यतो पिशवीतलं घेऊ नका. सोटमूळ तळाशी गोल फिरतं आणि ते झाड पुढे दुष्काळात तग धरत नाही. उन्हाळ्यात पक्व शेंगा गोळा करून पावसाच्या तोंडावर खड्ड्यात दोन-तीन बिया टोका. पहिली काही वर्षं शेंडा वाळेल, वाढ दिसणार नाही. मेलं समजून उपटू नका, मूळ खाली जात असतं.

शेळ्या सागाला सहसा तोंड लावत नाहीत, पण शिवण, शिसव, अंजन फस्त करतात. काटेरी कुंपणाशिवाय लागवड करूच नका. पहिली दोन-तीन वर्षं ओळींत मूग, उडीद घ्या, खोडापासून अर्धा मीटर सोडून. फेब्रुवारीआधी चहूबाजूंनी तीन मीटर पट्टा झाडून साफ ठेवा. वाळलेल्या सागपानाला आग पटकन लागते.

सहाव्या-आठव्या वर्षी छत्र्या भिडल्या की प्रत्येक गटातली वाकडी, दबलेली झाडं काढा. पण साग, खैर, अंजन, बिबळा ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्यातली अनुसूचित झाडं आहेत, बांधावरचीसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. म्हणून लावलेल्या वर्षीच पीक पाहणीत जातवार संख्या सातबाऱ्यावर लावून घ्या.