युद्धजन्य, दुर्गम भागातल्या गावांपर्यंत फिरता दवाखाना न्यायचा असेल, तर सर्वात आधी कशाची तयारी करावी?

गाडीची तयारी सगळ्यात शेवटी करा. अशा एका पथकात मी काही वर्षं फार्मासिस्ट होतो. आमची गाडी बरेचदा नदीच्या अलीकडेच थांबायची, पुढे पेट्या डोक्यावर.

आधी वाट मागून घ्यावी लागते. त्या भागात ज्यांच्या ज्यांच्या हाती बंदूक आहे, त्या सगळ्यांना कोण येणार, कधी, कुठे हे सारखंच कळवायचं. १९४९ चे जिनिव्हा करार वैद्यकीय पथकांना संरक्षण देतात, २०१६ मध्ये सुरक्षा परिषदेनेही ठराव २२८६ करून तेच बजावलं. पण नाक्यावरच्या पोराने यातलं काही वाचलेलं नसतं. त्याला त्याच्या गावची माणसं काय सांगतात ते कळतं. एका बाजूचे शिपाई सोबत घेतलेत, तर दुसऱ्या बाजूचे रुग्ण फिरकणार नाहीत.

मग ठरवायची ती तारीख. परत कधी येणार, यावर काय उपचार करायचे ते ठरतं. मलेरियाची रॅपिड टेस्ट पंधरा-वीस मिनिटांत होते, गोळ्या तीन दिवसांच्या. एका फेरीत काम भागतं. पण लहान मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला, तर ते तीव्र कुपोषण. त्याला पुन्हा पुन्हा बघावंच लागतं. टीबीचे उपचार साधारण सहा महिने चालतात. मध्येच तुटले तर जंतू औषधाला जुमानत नाहीत, म्हणून गावात रोज गोळी देणारं कुणी नसेल तर मी ते सुरू करू नका म्हणेन. डॉक्टरांना हे पटवताना माझे बरेच वाद झालेत.

लशींना २ ते ८ अंश तापमान लागतं, आणि गोवराच्या लशीची पूड एकदा तिच्या द्रावणात मिसळली की सहा तासांत संपवायची. बाळंतपणातला रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिनही थंडच ठेवावं लागतं. त्याच कामाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना बर्फ लागत नाही, त्यामुळे त्या गावातल्या शिकवून तयार केलेल्या बाईकडे ठेवता येतात.

एकदा रस्ता बंद झाला, आमच्या दोन फेऱ्या चुकल्या, निरोपही धाडला नाही. नंतर गेलो तर मधुमेहाची एक आजी गोळ्या मोडून, अर्ध्या अर्ध्या पुरवून खात होती. तेव्हापासून मी प्रत्येकाला महिनाभराच्या गोळ्या जास्तीच्या देत आलो. वहीत त्यांचा वेगळा रकाना होता: ‘रस्ता बंद’.