बर्फाच्या टबात लेबल टिकेल का?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

काटोलकडच्या त्या संत्रा बिअरसाठी तू डिझाइन केलेली तिन्ही लेबलं पाहिली. स्क्रीनवर देखणी आहेत, पण स्क्रीनवर बिअर घेतो कोण? एखाद्या बिअर शॉपीत सायंकाळी जाऊन उभा राहा. फ्रिजच्या रॅकची पुढची पट्टी लेबलाचा खालचा भाग झाकते, काचेवर वाफ धरलेली असते. लग्नसराईत बर्फाच्या टबातून तर नुसता गळा अन् झाकण वर दिसतं. तुझं झाकण कोरं पांढरं आहे. नाव किती मोठं, हा वाद मागाहून घाल. आधी झाकणाचा आणि गळ्यावरच्या पट्टीचा रंग ठरव.

चित्रातलं संत्रं काढून टाक. गुळगुळीत, घट्ट सालीचं, भडक केशरी, हे कुठलं फळ? आपल्या संत्र्याची साल ढिली असते, देठाकडे जरा उचललेली. आंबिया बहाराच्या, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या फळावर तर पिवळ्यात हिरवी झाक राहते. मृगाचं, म्हणजे जून-जुलैत फुललेलं फळ थंडी खाऊन रंग धरतं. मालकाला विचार, बिअरमध्ये कोणत्या बहाराचं फळ पडतं, आणि तोच रंग लेबलावर आण. वरुड-मोर्शीचा बागायतदार बाटली हातात घेऊन हसला, तर नागपूर-पुण्यात कितीही वाहवा होवो, काम फसलं म्हणून समज. अन् त्या वारली आकृत्या इथं कशाला? ती कला पालघर-डहाणूकडची. गावाकडचं काही दाखवायचं म्हटलं की सगळे तेच चिकटवतात. ‘नागपूर संत्रा’ला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा ते नाव लिहिण्याआधी फळ कुठून येतं आणि नाव वापरायचा हक्क आहे का, दोन्ही पाहून घे.

मालकाला पारदर्शक काच हवी आहे, म्हणे रंग दिसतो. त्याला समजाव. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, त्यांतले कडू घटक उजेडाने फुटतात आणि बिअरला उग्र वास येतो. तपकिरी काच तो उजेड बरीचशी अडवते. आपल्याकडच्या उन्हात टेम्पोतून माल उतरेपर्यंतच पारदर्शक बाटलीची वाट लागेल.

आता कागद. बाटल्या भंगारवाल्याकडून परत येतात, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुऊन पुन्हा भरतात. म्हणजे लेबल बर्फाच्या पाण्यात टिकायला हवं आणि धुताना सुटायलाही हवं. प्लास्टिकच्या स्टिकरचा पहिला गुण पक्का, दुसऱ्यात तो अडतो. ओल्यात न फाटणारा, वेट-स्ट्रेंथ कागद माग. डमी बाटलीला लावून बादलीत बर्फ घालून रात्रभर ठेव. सकाळी अंगठ्याने घासून बघ: कडा उचलल्या का, शाई सुटली का. सोनेरी फॉइलचा हट्ट त्यानंतर कर. परत आलेल्या बाटलीच्या खांद्यावर आणि पोटाखाली घासल्याची पांढरी कडी असतात. लेबल त्या दोन कड्यांच्या मधेच बसव.

आरोग्याचा इशारा शेवटी कुठेतरी कोंबू नकोस. अक्षरं किमान 3 मिलिमीटर उंच लागतात. अल्कोहोलचं प्रमाण, मिलिलिटर, किंमत, उत्पादकाचा पत्ता, हे सगळं आधी मांड आणि उरलेल्या जागेत डिझाइन कर. राज्य उत्पादन शुल्क विभागाची मंजुरी हातात आल्याशिवाय छापायला टाकू नकोस. देवाचं नाव मालकाला कितीही आवडो, ते नको. गावात भांडण होईल आणि ट्रेडमार्कही अडेल. ट्रेडमार्क नोंदणीत बिअर वर्ग 32 मध्ये येते, नावाचा शोध तिथे घे.

ते डोळे मिचकावणारं कार्टून माकडही जाऊ दे. महाराष्ट्रात बिअरला 21 वर्षं पूर्ण लागतात, अन् ते माकड सहावीतल्या पोराला बोलावतंय. वर्धा सत्तरच्या दशकापासून, गडचिरोली 1993 पासून दारूबंदीत आहे. चंद्रपुरात 2015 ला आलेली बंदी 2021 मध्ये उठली. ती बंदी येण्यामागे बायकांनी काढलेले मोर्चे होते. आपल्या भागात बाटलीकडे बघणारे सगळेच गिऱ्हाईक नसतात.

पैशाचं आधी बोलून घे. निम्मे कामाआधी, उरलेले छपाईच्या फाइली देण्याआधी. मालक भला आहे, पण छापखान्याचं बिल आलं की डिझाइनवाल्याचा फोन कोणी उचलत नाही.

तुझा,
काका